कुठी वाजलं?

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण लॅबमामांचं आहे. आईवडिलांचं ऋण मी यात धरत नाही. ते फेडायचं नसतंच. पण आज मी जिथे पोहोचलो आहे तिथे मला कोणी आणून सोडलं असं विचारलं, तर मी कोणा प्राध्यापकाचं नाव घेत नाही, लॅबमामांचं घेतो. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. आमच्याकडे कॉलेजातल्या शिपायाला, परिचराला मामाच म्हणतात. ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते, म्हणून लॅबमामा. अमडापुरात, म्हणजे त्यांच्या गावात, लोक त्यांना ‘पाणबुडी’ म्हणत, पण तोंडावर नाही.

बुलढाणा जिल्ह्यातून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लवकर दिसत नाही. अशा मुलखातला हा माणूस पंधरा वर्षं नौदलात होता आणि त्यातली बरीचशी पाणबुडीत. त्यांचं काम होतं ऐकण्याचं. कानाला यंत्र लावून, डोळे मिटून, समुद्राच्या पोटात बसून पाणी ऐकायचं. कोणतं जहाज चाललं आहे, किती लांब आहे, त्याच्या पंख्याला किती पाती आहेत, हे नुसत्या आवाजावरून सांगायचं. निवृत्त झाल्यावर माजी सैनिकांच्या जागेवर ते तालुक्याच्या कॉलेजात लागले. नळ्या धुणे, तारा जोडणे, परीक्षेला टेबलं मांडणे. या दोन नोकऱ्यांत काही कमीजास्त आहे, असं त्यांच्या वागण्यातून कधी जाणवलं नाही.

आमची प्रयोगशाळा जिल्ह्यातली सगळ्यात शांत प्रयोगशाळा असावी. मामांनी प्रत्येक स्टुलाच्या चारही पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घट्ट बसवले होते. कपाटांच्या बिजागऱ्यांना तेल. पितळी वजनांच्या पेटीत गादीचा कापूस. त्यांच्या स्वतःच्या डब्याखालीसुद्धा घडी घातलेला रुमाल असे. एकदा सुलतानपूरच्या सलीमच्या हातून अर्ध्या किलोचं वजन फरशीवर पडलं. सलीम माझ्या शेजारच्या टेबलावर असायचा. त्याच्या वडिलांचा सुलतानपुरात विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींना नव्या तारा भरून द्यायचा धंदा होता, त्यामुळे खडखडाटात वाढलेला. वजन पडताच त्याने जीभ चावली. फरशी हादरली तसे मामा शांतपणे वळले.

“मेलो आपन,” ते म्हणाले.

“काय झालं मामा?”

“पाणबुडीत पाना पडला की दहा कोसावरच्याले समजते, कोण कुठी लपलं थे. समजलं त्याले. आता आपन सारे मेलो.” मग फरशीकडे बोट दाखवून, “चाल, उचल थे वजन. मेल्यावर पसारा नाही ठेवायचा.”

सलीम नंतर मला म्हणाला, “हा मानूस सटकेल आहे बे. पण मेल्यावर बी झाडू मारून घेईन आपल्याकून.”

मामांच्या सवयी अशा पुष्कळ होत्या आणि आम्ही त्या नौदलाच्या खात्यावर टाकून मोकळे होत असू. ते कोणालाच नावाने हाक मारत नसत. टेबलाच्या क्रमांकाने मारत. मी तिसरं टेबल. तीन वर्षं मी तिसरं टेबलच होतो, बसस्टँडवर भेटले तरी, “काय तिसरं टेबल, गाडी चुकली काय?” शिवाय त्यांच्याशी बोलायचं तर समोर यावं लागे. मागून कोणी काही विचारलं तर ते खुशाल काम करत राहत. समोर येऊन पुन्हा विचारलं की म्हणत, “तोंड इकडं करून बोल. पाठीमागून बोलनाऱ्याचं मी ऐकत नसतो.” आम्हाला तो स्वाभिमान वाटे. मलाही वाटे, आणि आवडेही.

माझ्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वडील गवंडी. बारावीनंतर मी बी.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की याच्यानंतर काय होतं. मला सांगता आलं नाही, कारण मलाही माहीत नव्हतं. मलकापूरला स्टेशनजवळ माझ्या आत्याच्या मुलाचं हार्डवेअरचं दुकान होतं. तिथे माझ्यासाठी जागा ठेवलेली होती. जागा पक्की, पगार पक्का. तीन वर्षं मी हौस म्हणून शिकावं, असं घरात ठरल्यासारखंच होतं.

ते ठरलेलं मोडलं साखरेच्या पाण्याने.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी तास संपल्यावर मी काही लिहीत मागे राहिलो होतो. मामांनी मासे ठेवतात तसली काचेची पेटी टेबलावर ठेवली. तळाशी साखरेचा घट्ट पाक, वर अगदी हळू ओतलेलं साधं पाणी. आदल्या दिवशीच करून ठेवलेलं, त्यामुळे पाक वर थोडा थोडा चढलेला. त्यांनी खिडक्या लावल्या आणि बाजूने लेझरचा लाल किरण आत सोडला. किरण सरळ गेला नाही. पाण्यातून जाता जाता तो वाकला, एखादी फांदी फळाच्या ओझ्याने वाकावी तसा, आणि तळाकडे गेला.

“काऊन वाकला?” मामांनी विचारलं.

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

“जिथं सावकाश चालाले भेटते तिकडं वळते थे. उजेडाचं तसं, आवाजाचं तसं. समुद्रात वरचं पाणी उन्हानं तापेल, त्याच्यात आवाज पळते. खालचं थंड, त्याच्यात हळू चालते. मंग वरून जहाजानं आवाज सोडला की थो सरळ जात नाही, खाली वळते. आन् मधात एक जागा कोरडी राहते. तिथं आवाज पोचतच नाही. पाणबुडी तिथं जाऊन बसते.”

“सावलीत?”

“हाव. आवाजाच्या सावलीत.”

मी पेटीकडे पाहत राहिलो. वाकलेल्या किरणाच्या वरच्या बाजूला एक रिकामी, अंधारी जागा होती. तोपर्यंत समुद्र माझ्यासाठी नकाशातला निळा रंग होता. त्या दिवशी तो एक अशी जागा झाला, जिथे थर आहेत, वाटा आहेत, लपायच्या जागा आहेत, आणि यातलं काहीही वरून दिसत नाही.

त्यानंतर मी दर शनिवारी मागे राहू लागलो. मामा बोलत ते तुकड्यातुकड्यांनी. एकदा म्हणाले, सकाळी ऐकू येणारं जहाज दुपारी ऐकू येईनासं होतं, कारण दुपारपर्यंत वरचं पाणी तापतं. पण वरिष्ठांना वाटायचं की जेवून ऐकणारा पेंगला. “पाणी तापे आन् शिव्या आमाले बसत.” एकदा म्हणाले, समुद्राच्या पोटातही लाटा असतात. दोन थरांच्या मधून चालतात, टेकड्यांएवढ्या. “वर पायशीन तं समुद्र परातीसारखा सपाट. खाली डोंगर चालून राह्यले. थे डोंगर पाणबुडीले उचलते, खाली नेते, आन् वरच्या बोटीवर कपातला चहा बी हालत नाही.” हे सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली येई. त्यांना स्वतःला ते कळत नसे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अमडापूरला त्यांच्या भावाच्या शेतात जुनी रुंद विहीर होती. एका उन्हाळ्यात त्यांनी मला तिथे नेलं, पाण्यात उतरवलं, डोकं बुडवायला सांगितलं, आणि स्वतः पायरीवर बसून पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटले. तो आवाज मी विसरलो नाही. तो कानात आला नाही, एकदम कवटीतच वाजला.

“कोन्या बाजूनं आला?” मी वर आल्यावर त्यांनी विचारलं.

“समजलं नाही मामा. सगळीकडून आला.”

“बरोबर. पाण्यात आवाज लय जोरात पळते, दोन्ही कानाले एकाच टाइमाले भेटते. तिथं मानसाचे कान कमी पडते.” मग त्यांनी ओले हात धोतराला पुसले आणि म्हणाले, “एक ध्यानात ठेव. जे ऐकलं थे लिही. जे ऐकू आलं पाह्यजे व्हतं, थे लिहू नको. बोटीवर लोकं मरते त्याच्यानं.”

शनिवारचं आणखी एक काम असे. प्रयोगशाळेत एक अनुनाद नळी होती. काचेची लांब उभी नळी, तिच्यात पाणी, आणि पाण्याची पातळी वरखाली करायची सोय. नळीच्या तोंडाशी नादकाटा वाजवून धरायचा आणि पाणी हळूहळू उतरवायचं. एका ठरावीक जागी तो बारीक आवाज एकदम मोठा होऊन नळी गुणगुणू लागते. ती जागा मोजायची, मग आणखी खालची दुसरी जागा, आणि त्यावरून हवेतल्या आवाजाचा वेग काढायचा. घाबरलेल्या मुलांना परीक्षेत ती जागा सापडत नाही. म्हणून मामांनी एक रीत पाडली होती: हिवाळ्यात नळीवर लाल नेलपॉलिशचे दोन बारीक ठिपके लावून ठेवायचे आणि परीक्षेआधी पुन्हा ऐकून तपासायचे. मुलाने त्या ठिपक्याच्या आसपास शोधावं, एवढाच हेतू.

ते ठिपके मामा माझ्याकडून लावून घेत. नादकाटा ते वाजवत, पाणी ते उतरवत, आणि माझ्या तोंडाकडे पाहत विचारत, “कुठी वाजलं?”

“इथं.”

“पक्कं?”

“पक्कं मामा.”

मग ते ठिपका देत. मला वाटे, ते माझा कान तयार करत आहेत. नौदलातला ऐकणारा माणूस माझ्यासारख्या पोराला ‘कुठी वाजलं’ विचारतो, याचा मला अभिमान होता.

शेवटच्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात समुद्रशास्त्राच्या एम.एस्सी.साठी अर्ज करायचं मी ठरवलं. त्याला पहिला वर्ग लागत होता. लेखी परीक्षेत माझं काठावरचं होतं. सगळी भिस्त प्रात्यक्षिकावर होती. घरी मी सांगून टाकलं होतं की पहिला वर्ग नाही आला तर मुकाट्याने मलकापूरच्या दुकानात जाईन. वडील म्हणाले, “मर्दाची जबान आहे ना? मंग ठीक.”

प्रात्यक्षिक परीक्षा एप्रिलमध्ये झाली. त्याआधीचा महिनाभर मी अभ्यासाच्या सुटीत घरी होतो. चिठ्ठ्या उचलल्या, त्यात अनुनाद नळी चौघांना आली, पाळीपाळीने. सलीम पहिला, मी शेवटचा. माझी पाळी आली तेव्हा दुपार झाली होती आणि पंख्याखालीही वही घामाने ओली होत होती.

पाणी पहिल्या ठिपक्यापाशी आलं. नळी वाजली नाही. नखभर खाली गेल्यावर वाजली. दुसऱ्या ठिपक्याच्या तर बोटभर खाली वाजली. मी तीनदा करून पाहिलं. ठिपके डिसेंबरमधले होते, माझ्याच कानाने लावलेले. एप्रिलच्या हवेत आवाजाचा वेग वाढला होता आणि वाजायची जागा खाली सरकली होती. आधीच्या तिघांनी कटकट नको म्हणून सरळ ठिपके मोजून लिहिले होते. सलीमने डोळ्यानेच खूण केली, ‘ठिपका घे ना बे.’ मी ऐकलं तेवढं लिहिलं.

बाहेरचे परीक्षक वयस्क आणि कडक होते. चार उत्तरपत्रिका त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या.

“तिघांचं एक उत्तर, आणि तुमचं वेगळं,” ते मला म्हणाले. “कान ठीक आहेत ना?”

“मला इथंच ऐकू आलं सर.”

त्यांनी नळीवरचे ठिपके पाहिले, मग माझ्याकडे. माझ्या पत्रिकेवर लाल पेन टेकवून ते क्षणभर थांबले. मग त्यांनी मामांना बोलावलं. “मामा, तुम्ही पाणबुडीत होतात म्हणे. तुमच्याइतका कान या खोलीत कोणाचा नाही. तुम्हीच ऐका आणि सांगा, कुठे वाजतं.”

परीक्षकांनी नादकाटा वाजवून धरला. पाणी मी उतरवू लागलो. मामा नळीवर वाकले. पाणी ठिपक्यावरून गेलं, नखभर खाली आलं आणि नळी गुणगुणली. दारातल्या मुलांनासुद्धा ऐकू आली असेल. मामांचा चेहरा तसाच राहिला. पाणी आणखी खाली गेलं, नाद विरला, तरी ते तसेच वाकलेले, वाट पाहत.

तेव्हा मला सगळं एकदम समजलं. टेबलाचे क्रमांक, ‘तोंड इकडं कर’, आणि दोन वर्षांचं ‘कुठी वाजलं’.

परीक्षक म्हणाले, “पुन्हा करू.” मी पाणी वर घेतलं, पुन्हा उतरवू लागलो. मामांनी नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग त्यांनी माझ्यावरून तोंड फिरवलं, भिंतीकडे, आणि सरळ उभे राहिले.

“साहेब, मले ऐकू येत नाही,” ते परीक्षकांकडे वळून म्हणाले.

“म्हणजे?”

“दोन्ही कानानं. हळूहळू गेले. आता तोंड पाहून समजतो मी, तेवढंच. हे ठिपके या पोराच्या कानानं लावेल हायेत. हिवाळ्यात. आता गरम आहे, आवाज पळते जास्त. हा पोरगा सांगते थे खरं.”

परीक्षकांनी नादकाटा हळूच टेबलावर ठेवला. मामांच्या प्रयोगशाळेत ठेवावा तितक्या हळू. त्यांनी तिघांना प्रयोग पुन्हा करायला दिला. मला पूर्ण गुण मिळाले आणि पहिला वर्ग आला.

मामांची मात्र प्रयोगशाळा गेली. कॉलेजने त्यांना वाईट वागणूक दिली असं मी म्हणणार नाही. गॅसची गळती, विजेची ठिणगी, हे ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर प्रयोगशाळा कशी सोडायची, हा प्रश्न खराच होता. त्यांना ग्रंथालयात पाठवलं. कोणी तरी म्हणालंही, तिथे शांत आहे, त्यांना बरं.

निकाल लागल्यावर मी ग्रंथालयात गेलो. ते खुर्च्यांच्या पायांना ट्यूबचे तुकडे बसवत होते.

“मामा, माझ्यामुळं…”

“तोंड इकडं कर.”

मी समोर जाऊन बसलो. जे खुपत होतं तेच विचारलं. “मामा, तुम्हाला तर माहीत होतं, गरमीत जागा सरकते म्हणून. हिशोब करून ठिपके खाली घेता आले असते. माझी वाट कशाला पाहिली?”

“हिशोब येत व्हता,” ते म्हणाले. “पण मंग थे ऐकेल नसतं, काढेल असतं. जुना ठिपका खोटा झाला व्हता, हाव. पण कोनी तरी ऐकेल तं व्हता.” ट्यूबचा तुकडा दाबून बसवत म्हणाले, “तुह्याच्या आधी दुसरं टेबल व्हतं. त्याच्या आधी पाचवं. सहा वर्षं कानं उसने घेतले मी. कधी ना कधी पाना पडनारच व्हता.”

“मग आता?”

“आता काय? जाय तू. मले लिहिजो. फोन करू नको, फोनचं तोंड दिसत नाही.”

मलकापूरहून गाडी होती. वडील आणि सलीम सोडायला आले होते. दुकान स्टेशनच्या वाटेवरच, आतेभाऊ बाहेर आला आणि म्हणाला, “जाय बाप्पा, तुह्यी जागा दुसऱ्याले देतो.” सलीमने माझी पेटी फलाटावर ठेवली, अगदी आवाज न करता, आणि माझ्याकडे पाहून कसनुसा हसला.

मामा आता निवृत्त आहेत, अमडापूरलाच असतात. मी समुद्राच्या पाण्यातला आवाज मोजणाऱ्या एका संस्थेत काम करतो. पहिल्यांदा बोटीवरून परत आलो त्या दिवशी त्यांना जे पत्र पाठवलं, ते खाली देत आहे. त्यात एक गोष्ट आहे, जी मी तोवर त्यांना सांगितली नव्हती.

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

आज बंदरात परत आलो. चार दिवस समुद्रात होतो. दोन दिवस उलट्या झाल्या, ते आईला सांगू नका.

समुद्राचा आवाज कसा असतो हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, जाऊन ऐक. मी ऐकला. यंत्र पाण्यात सोडून कानाला लावलं तर आधी वाटलं, काही बिघडलं आहे. सारखं तडतडत होतं, आई मातीच्या खापरात ज्वारीच्या लाह्या फोडते तसं. इथले लोक म्हणाले, तळाशी बारीक झिंगे असतात, ते नांगी आपटतात. त्याच्या मागे लांबवर एक जहाज होतं. मी त्याची पाती मोजायचा प्रयत्न केला. चार वाटली. पक्कं नाही, म्हणून वहीत लिहिलं नाही.

मामा, परीक्षेच्या दिवशी तुम्ही दुसऱ्यांदा वाकलात तेव्हा मी मान हलवणार होतो. नळी वाजली की खालीवर करायची, एवढंच. तुम्हाला जागा समजली असती, माझे गुणही गेले नसते आणि तुमची प्रयोगशाळाही. तुम्ही ते माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंड फिरवलं, हे मला माहीत आहे. तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही लाजलात. आता इथे लोक माझ्या वहीतल्या आकड्यांवर विसंबून पाणबुड्यांच्या वाटा काढणार आहेत, तेव्हा समजतं की तुम्ही मला कशापासून वाचवलं. मी मान हलवली असती तर पुढे जन्मभर हलवत राहिलो असतो.

तिसऱ्या दिवशी आमचा मुख्य प्रयोग होता. लांबच्या दुसऱ्या बोटीने पाण्यात खोलवर आवाज सोडायचा आणि आम्ही तो पकडायचा. सकाळी वरच्या यंत्रावर पुसट मिळत होता. दुपारी गेला. आमचे साहेब म्हणाले, कोण पेंगलं रे? मी म्हणालो, कोणी नाही सर, पाणी तापलं. यंत्र आणखी खाली सोडू द्या. त्यांनी सोडू दिलं.

कुठी वाजलं, असं तुम्ही विचाराल म्हणून लिहितो. थराच्या खाली, थंड पाण्यात वाजलं. स्वच्छ वाजलं. मी तीनदा ऐकलं आणि मगच लिहिलं.

तुम्ही सांगितलं होतं तिथंच.

आपला,
तिसरं टेबल